कोणत्या नावानं आठवायचं? : ६ डिसेंबर आणि विद्यापीठातली हिंसा

आजचा विषय जड आहे, हे सुरुवातीलाच सांगतो. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत हा विषय कसा, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचं उत्तर बोलता बोलता मिळेल अशी आशा आहे.

६ डिसेंबर म्हटलं की महाराष्ट्रात आणखी काही सांगावं लागत नाही. १९५६ साली या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं महापरिनिर्वाण झालं. दादरला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात, तासन्‌तास रांगेत उभी राहतात, अभिवादन करतात आणि परत जाताना शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून पुस्तकं घेऊन जातात. आम्ही हे अनेकदा पाहिलं आहे. ज्याच्या अंगावरचा सदरा विटलेला आहे, तोही दोन पुस्तकं पिशवीत घालून गावाकडची गाडी पकडतो. स्मरण कसं करावं, याचा याहून चांगला धडा आम्हांला कुठल्या ग्रंथात सापडलेला नाही. ज्यानं ‘शिका’ म्हणून सांगितलं, त्याची आठवण शिकूनच ठेवायची.

याच तारखेला कॅनडातही एक स्मरणदिन असतो. तिथल्या संसदेनं १९९१ साली तो जाहीर केला. स्त्रियांवरील हिंसेचं स्मरण आणि त्याविरुद्ध कृती, असे दोन्ही शब्द त्या दिवसाच्या अधिकृत नावातच आहेत. स्मरण आणि कृती एकाच नावात बांधलेली असावीत, हे आम्हांला महत्त्वाचं वाटतं. आज त्या दिवसामागची घटना पाहू आणि मग एकाच प्रश्नावर विचार करू: झालेल्या गोष्टीला आपण कोणतं नाव देतो, आणि त्या नावावर पुढचं काय काय अवलंबून असतं?

काय घडलं

माँट्रियल हे क्विबेक प्रांतातलं मोठं शहर. तिथे इकोल पॉलिटेक्निक ही अभियांत्रिकीची जुनी शिक्षणसंस्था आहे, माँट्रियल विद्यापीठाशी संलग्न. १९८९ सालचा ६ डिसेंबर, बुधवार. सत्र संपत आलेलं. संध्याकाळच्या सुमाराला पंचवीस वर्षांचा एक तरुण रायफल घेऊन एका वर्गात शिरला. वर्गात साठेक विद्यार्थी होते. त्यानं सांगितलं, मुलगे एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला. आधी कुणी हललं नाही. सत्राच्या शेवटची थट्टा आहे असं मुलांना वाटलं. त्यानं छताकडे गोळी झाडली, तेव्हा कळलं. मुलग्यांना त्यानं बाहेर जायला सांगितलं. ते गेले. नऊ मुली मागे राहिल्या.

आपण स्त्रीवाद्यांविरुद्ध लढतो आहोत, असं त्यानं त्या मुलींना सांगितलं. त्यांतली एक, नाताली प्रोव्हो, त्याला समजावू पाहत होती की आम्ही काही चळवळ करणाऱ्या नाही, अभियांत्रिकी शिकणाऱ्या साध्या मुली आहोत. त्यानं गोळ्या झाडल्या. नऊपैकी सहा जणी मरण पावल्या, तिघी जखमी झाल्या. मग तो कॉरिडॉरमध्ये, उपाहारगृहात, दुसऱ्या वर्गात फिरला. साधारण वीस मिनिटांत त्यानं चौदा स्त्रियांना ठार मारलं. बारा अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनी, एक परिचारिकेचं शिक्षण घेणारी विद्यार्थिनी आणि एक संस्थेच्या वित्त विभागातली कर्मचारी. शेवटी त्यानं स्वतःला संपवलं.

त्याचं नाव आम्ही घेत नाही. जगभर हे नाव माहीत असणारे पुष्कळ आहेत, आणि त्या चौदा जणींपैकी एकीचंही नाव माहीत नसणारे त्याहून पुष्कळ आहेत. निदान या व्याख्यानापुरतं आपण ते पारडं जड करायला नको.

एक कृती, अनेक वर्णनं

आता थोडं तत्त्वज्ञान. एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम या ब्रिटिश तत्त्ववेत्तीचा ‘इन्टेन्शन’ हा छोटा पण कठीण ग्रंथ १९५७ साली आला. त्यात एक उदाहरण आहे. एक माणूस हातपंपानं एका घराच्या टाकीत पाणी चढवतो आहे. पाण्यात कुणीतरी विष कालवलेलं आहे. हा माणूस काय करतो आहे? हात वरखाली करतो आहे. पंप चालवतो आहे. टाकी भरतो आहे. घरातल्या माणसांना विष देतो आहे. कृती एकच, वर्णनं चार. चारही खरी असू शकतात. पण त्यानं ती कृती जाणून, ठरवून केली ती कोणत्या वर्णनाखाली, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्याची जबाबदारी ठरत नाही. पाण्यात विष आहे हे त्याला ठाऊक नसेल तर तो नोकर आहे. ठाऊक असेल तर तो खुनी आहे. हात मात्र दोन्ही वेळा तसाच हलतो.

माँट्रियलच्या घटनेला हे लावून पाहू. एका माणसानं गोळीबार केला. मन बिघडलेल्या माणसानं गोळीबार केला. या संस्थेत प्रवेश न मिळालेल्या माणसानं राग काढला. स्त्रियांनी इथे शिकायला येऊन आपलं आयुष्य बिघडवलं असं मानणाऱ्या पुरुषानं शिकणाऱ्या स्त्रिया वेचून मारल्या. यांपैकी पहिलं वर्णन खोटं नाही. तिसरंही नाही, त्याला तिथे प्रवेश नाकारला गेला होता. पण त्यानं ही गोष्ट केली ती कोणत्या वर्णनाखाली?

याचा पुरावा त्यानंच ठेवला होता. एक, त्यानं मुलगे आणि मुली वेगळे केले. दोन, त्यानं तोंडानं कारण सांगितलं. तीन, त्याच्याजवळ पत्र सापडलं. त्यात स्त्रीवाद्यांनी आपलं आयुष्य नासवलं असा आरोप होता आणि क्विबेकमधल्या एकोणीस स्त्रियांची यादी होती, ज्यांना त्याला मारायचं होतं. पोलिसांनी पत्र प्रसिद्ध केलं नाही. सुमारे वर्षभरानं ते एका स्त्री पत्रकाराच्या हाती आलं आणि वर्तमानपत्रात छापून आलं. त्या एकोणीस नावांत तिचंही नाव होतं.

एवढं असूनही पहिली अनेक वर्षं ‘माथेफिरू’ आणि ‘शोकांतिका’ हेच दोन शब्द चालले.

दोन आक्षेप

या दोन शब्दांच्या बाजूनं जे बोललं जातं ते आपण नीट ऐकलं पाहिजे. ते बोलणारे सगळे दुष्ट नव्हते.

पहिला आक्षेप असा की शहाणा माणूस असं करीलच कसा? म्हणजे तो वेडा होता, आणि वेडाला कारण नसतं. आमचं म्हणणं असं आहे: त्याचं मन बिघडलेलं होतं असं घटकाभर धरून चालू. पण बिघडलेलं मनसुद्धा आपले विषय हवेतून आणत नाही. अंगात येणारा माणूस आपल्याच गावच्या दैवताचं नाव घेतो, परक्या मुलुखातल्या दैवताचं घेत नाही. बायका जागा अडवतात, बायका डोक्यावर बसल्या, ही भाषा त्यानं एकट्यानं शोधलेली नव्हती. ती त्याच्या भोवती होती, चारचौघांच्या चेष्टेत होती. त्यानं ती बंदुकीपर्यंत नेली. बाकीच्यांनी नेली नाही, म्हणून बाकीचे गुन्हेगार ठरत नाहीत, हे खरंच. पण भाषा सामाईक होती, हेही तितकंच खरं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोक म्हणाले, दुःखाचं राजकारण करू नका. चौदा घरं शोकात आहेत, त्यांना शांतता द्या. यात तथ्य आहे. मयताच्या घरी आपण वाद घालत नाही. तिथे जाऊन बसतो, पाणी देतो, गप्प राहतो. पण घराचं मौन आणि संस्थेचं मौन यांत फरक आहे. घरच्यांचं मौन हे दुःख असतं. संस्थेचं मौन पुष्कळदा सोय असते. शिवाय किती दिवस? तेरावा झाल्यावर घराचं दारही उघडतं.

आणि ‘शोकांतिका’ या शब्दाकडे नीट पाहा. शोकांतिका हा नाटकाचा शब्द. तिथे दैव असतं, टळणार नसलेलं काहीतरी असतं. भूकंप, पूर, अपघात यांनाही आपण तो शब्द लावतो. त्या शब्दात मेलेले दिसतात, रडणारे दिसतात. मारणारा दिसत नाही, आणि त्यानं का मारलं हे तर मुळीच दिसत नाही.

पाटी बदलायला तीस वर्षं

१९९९ साली, घटनेला दहा वर्षं झाल्यावर, माँट्रियलमध्ये एका मोकळ्या जागेवर चौदा जणींचं स्मारक झालं. त्या जागेला ‘६ डिसेंबर १९८९’ हेच नाव दिलं. तिथल्या पाटीवर इकोल पॉलिटेक्निकमध्ये घडलेली ‘शोकांतिका’ असा उल्लेख होता. २०१९ साली ती पाटी बदलली. नव्या पाटीवर चौदा स्त्रियांची हत्या झाली असं लिहिलं, आणि ती ‘स्त्रीवादविरोधी हल्ल्यात’ झाली असं लिहिलं. जागा तीच, चौदा नावं तीच, एक शब्द बदलला. त्याला तीस वर्षं लागली.

कुणी म्हणेल, शब्द बदलून मेलेल्या परत येतात का? येत नाहीत. पण वर्णनावर उपाय अवलंबून असतो. ताप म्हटलं तर कपाळावर पट्टी ठेवायची, मलेरिया म्हटलं तर डबकं शोधायचं.

माँट्रियलनंतर काय काय झालं ते या दृष्टीनं पाहा. पोलीस इमारतीला वेढा घालून बाहेर थांबले होते आणि आत माणसं मरत होती, हे वर्णन पुढे आलं. त्यातून पोलिसांची पद्धत बदलली. २००६ साली याच शहरात डॉसन कॉलेजमध्ये गोळीबार झाला तेव्हा पोलीस थांबले नाहीत, लगेच आत गेले. एक विद्यार्थिनी दगावली, कित्येक जखमी झाले, पण आणखी मोठा संहार टळला.

बंदूक सहज, कायदेशीर मार्गानं मिळाली होती, हे दुसरं वर्णन. पॉलिटेक्निकमधून वाचलेले विद्यार्थी आणि मृतांचे नातेवाईक त्यामागे लागले आणि १९९५ साली कॅनडात बंदुकांचा नवा कायदा झाला. २०१२ साली रायफलींच्या नोंदणीचा त्यातला भाग रद्द झाला. मग २०२० साली नोव्हा स्कोशियातल्या हत्याकांडानंतर सुमारे १५०० प्रकारच्या बंदुकांवर बंदी आली. त्यांत १९८९ साली वापरलेली रुगर मिनी-१४ ही रायफलही होती. एकतीस वर्षं लागली, मध्ये एकदा पाऊल मागेही गेलं. प्रतिबंध एकदा करून होत नाही. घराची गळती दर पावसाळ्याआधी पाहावी लागते, तसं ते आहे.

आणि तिसरं वर्णन, हा स्त्रियांच्या शिकण्यावर झालेला हल्ला होता. ते मान्य केलं तर उपाय वर्गात शोधावा लागतो. १९९१ साली कॅनडातल्या काही पुरुषांनी पांढऱ्या फितीची मोहीम सुरू केली. स्त्रियांवरच्या हिंसेबद्दल आपण गप्प राहणार नाही, असं पुरुषांनी पुरुषांना सांगायची ती खूण. २०१४ साली पॉलिटेक्निकनं पांढऱ्या गुलाबाच्या नावानं एक शिष्यवृत्ती सुरू केली. अभियांत्रिकीत पुढचं शिक्षण घेणाऱ्या मुलीला ती मिळते. ज्या कारणासाठी चौदा जणींना मारलं, त्याच कारणासाठी एकीला दरवर्षी पैसे द्यायचे. आम्हांला इथे चैत्यभूमीवरची पुस्तकं आठवतात.

हे सगळं झालं म्हणून प्रश्न सुटला असं नाही. २०२३ सालच्या जूनमध्ये कॅनडातल्याच वॉटरलू विद्यापीठात एक माजी विद्यार्थी एका वर्गात शिरला आणि त्यानं प्राध्यापिकेवर आणि दोन विद्यार्थ्यांवर चाकूनं वार केले. वर्ग तत्त्वज्ञानाचा होता, विषय लिंगभावाचा. तिघंही वाचली. आमचं सगळं आयुष्य तत्त्वज्ञानाच्या वर्गात गेलं. ती बातमी वाचल्यावर आम्ही बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

ज्याला नाव नाही ते

आतापर्यंत आपण चुकीच्या नावाविषयी बोललो. आता नावच नसणं पाहू.

१९७५ सालची गोष्ट आहे, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातली. एका विभागात काम करणाऱ्या एका स्त्रीला तिथला एक प्राध्यापक सतत अंगलट येऊन त्रास देत होता. ताणानं तिची तब्येत बिघडली, तिनं नोकरी सोडली. बेकारी भत्त्यासाठी अर्ज केला तेव्हा नोकरी सोडण्याचं कारण लिहायचं होतं. तिनं ‘वैयक्तिक कारण’ असं लिहिलं. दुसरं काय लिहिणार? शब्दच नव्हता. अर्ज फेटाळला गेला. मग विद्यापीठातल्या काही स्त्रिया एकत्र बसल्या, आपापले अनुभव सांगू लागल्या, आणि या सगळ्याला म्हणायचं काय यावर खल झाला. त्यातून जो शब्द निघाला तो आज आपण ‘लैंगिक छळ’ म्हणून वापरतो. मिरांडा फ्रिकर या तत्त्ववेत्तीनं २००७ साली ज्ञानाच्या बाबतीत होणाऱ्या अन्यायावर पुस्तक लिहिलं, त्यात हे उदाहरण आहे. तिचं म्हणणं असं: स्वतःवर झालेला अन्याय स्वतःलाच समजून घ्यायला लागणारे शब्द समाजानं तुमच्यासाठी घडवलेलेच नसणं, हाही एक अन्याय आहे.

आता आपल्या घरी येऊ.

माँट्रियलनंतर काही महिन्यांतच, १९९० साली, उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेच्या केंद्रात शिरून एका विद्यार्थिनीला जाळून मारलं. २०२० साली ३ फेब्रुवारीला हिंगणघाटला, महाविद्यालयात शिकवायला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेवर रस्त्यात पेट्रोल टाकून तिला पेटवलं. आठवड्यानं, १० तारखेला, ती गेली. मधल्या तीस वर्षांत अशा किती बातम्या आपण वाचल्या असतील! आणि त्यांचा मथळा तुम्हांला पाठ आहे: ‘एकतर्फी प्रेमातून हल्ला.’

हा शब्दप्रयोग एकदा उलगडून पाहा. नाम आहे ‘प्रेम’. ‘एकतर्फी’ हे विशेषण. म्हणजे जे होतं ते प्रेमच, फक्त जरा अपुरं, दुसरी बाजू मिळाली नाही एवढंच! पाठलाग नाही, धमकी नाही, मालकीहक्क नाही, प्रेम. दुसरं वाक्य येतं: ‘नकार दिल्यामुळे तरुणाचा हल्ला.’ या ‘मुळे’कडे लक्ष द्या. व्याकरणानं सगळं कारण तिच्या पदरात टाकलं. तिनं नकार दिला, त्यामुळे झालं. खरं कारण असं आहे की स्त्रीला नकार देण्याचा अधिकार आहे हे त्यानं मानलं नाही. हे वाक्य मथळ्यात बसायला लांब आहे, हे कबूल. पण माँट्रियलची पाटी आणि आपला मथळा यांचा दोष एकच आहे.

आमची एक सही

इथे आम्ही स्वतःविषयी थोडं बोलणार आहोत. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉलेजचं आणि गावाचं नाव सांगत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एक मुलगी होती. प्रश्न विचारणारी, थोडी हट्टी. एके दिवशी तास संपल्यावर स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. एक मुलगा रोज सायकल स्टँडपाशी थांबतो, घरापर्यंत मागे येतो, चिठ्ठ्या टाकतो, असं तिनं सांगितलं. तिचा आवाज शांत होता. आम्ही काय म्हणालो? ‘दुर्लक्ष कर. प्रतिसाद नाही मिळाला की आपोआप थांबतात ही पोरं.’ वर एक मायेचं हसूही दिलं असावं. ‘बरं सर’ म्हणून ती गेली.

दोन-अडीच महिन्यांनी ती दाखल्याचा अर्ज घेऊन आली. बरोबर वडील होते, काही बोलले नाहीत. अर्जावर कॉलेज सोडण्याचं कारण होतं: घरगुती अडचण. आम्ही सही केली. कारण काय आहे ते आम्हांला ठाऊक होतं. तिला ठाऊक होतं की आम्हांला ठाऊक आहे. तरी सही झाली, शिक्का बसला, आणि कॉलेजच्या दप्तरात ती ‘घरगुती अडचण’ म्हणून जमा झाली.

कॉर्नेलचं उदाहरण आम्ही पुढे कित्येक वर्षांनी वाचलं. ‘वैयक्तिक कारण’ हे दोन शब्द वाचले आणि पुस्तक मिटून ठेवलं.

त्या काळी पाठलाग हा कायद्यात वेगळा गुन्हा नव्हता, असं म्हणून आम्हांला सुटता येईल. तो २०१३ साली झाला, दिल्लीच्या डिसेंबर २०१२ मधल्या घटनेनंतर. पण ही पळवाट टिकत नाही. १९७८ साली, मथुरा प्रकरण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, आपल्याच विदर्भातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आरोपी पोलिसांना सोडून दिलं, त्यानंतर १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मुलगी ओरडली नाही म्हणजे तिची संमती होती, या वर्णनालाच त्यांनी हरकत घेतली. मुकाट्यानं सोसणं आणि संमती यांत फरक आहे, एवढाच त्यांचा मुद्दा. त्या पत्रातून आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ साली कायदा बदलला. तेही शिक्षकच होते. त्यांनी शब्द तपासला. आम्ही सही केली.

मग करायचं काय

पहिली गोष्ट, आठवण कशी ठेवायची. माँट्रियलमध्ये चौदा नावं मोठ्यानं वाचतात. आपल्याकडे लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडितेचं नाव जाहीर करायला कायद्यानं बंदी आहे, ती १९८३ च्याच दुरुस्तीनं आली. २०२४ सालच्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयातल्या तरुण डॉक्टरची हत्या झाली, तेव्हा तिचं नाव आणि छायाचित्रं समाजमाध्यमांवरून काढायला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. तेव्हा नाव नसेल तरी आठवण कशी राहील? आमचं उत्तर असं की तिचा चेहरा आपला नाही, तिची कहाणी तिच्या घरच्यांची आहे. पण कृतीचं वर्णन आपलं आहे. काय झालं, कुठे झालं, आधी कुणाला सांगितलं होतं, कुणी ऐकलं नाही, हे बिनचूक लिहून ठेवणं हे स्मरण आहे. मेणबत्ती त्यानंतर.

दुसरी गोष्ट, समिती. १९९७ चे विशाखा खटल्यातले निर्देश, २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम यांमुळे प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत समिती असली पाहिजे. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर तिच्यात विद्यार्थ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असले पाहिजेत. तुमच्या कॉलेजात ती आहे का, तिच्यावर कोण आहे, हे माहीत करून घ्या. आणि ‘आमच्याकडे एकही तक्रार नाही’ असं कुणी अभिमानानं सांगितलं तर जरा थांबा. शून्याची दोन वर्णनं असतात. त्रास नाही म्हणून शून्य, किंवा सांगायची सोय नाही म्हणून शून्य. आकडा तोच. आमच्या कॉलेजातही त्या वर्षी शून्यच होतं.

तिसरी गोष्ट आमच्यासारख्या शिक्षकांसाठी. मुलगी सांगायला आली तर ‘दुर्लक्ष कर’ हे दोन शब्द तोंडातून काढायचे नाहीत. काय झालं, किती दिवस चाललंय, तुला काय व्हायला हवंय, एवढं विचारायचं. ती सांगते ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहायचं. तिच्या संमतीनं पुढे न्यायचं. यात शौर्य काही नाही. अर्धा तास लागतो.

चौथी गोष्ट मुलग्यांसाठी, आणि हे आम्ही वडीलकीनं सांगतो. नकार हा शेवट असतो, वाटाघाटीची सुरुवात नसते, हे कुणीतरी तुम्हांला स्पष्ट सांगायला हवं होतं. सिनेमानं उलटं सांगितलं, मित्रांनी उलटं सांगितलं, आम्ही काहीच सांगितलं नाही. त्या वर्गातून बाहेर पाठवलेल्या मुलग्यांपैकी कित्येकांना आपण का गेलो हा प्रश्न पुढे जन्मभर छळत राहिला. बंदुकीसमोर त्यांच्या हातात फारसं काही नव्हतं. तुमच्यासमोर बंदूक नाही. कट्ट्यावर एखादा मित्र ‘ती कशी मानत नाही बघतोच’ म्हणतो, तेव्हा फक्त ‘हे बरोबर नाही’ म्हणायचं आहे.

नाताली प्रोव्होविषयी एक गोष्ट राहिली. चार गोळ्या लागूनही ती वाचली, अभियंता झाली. ‘आम्ही स्त्रीवादी नाही’ असं त्या दिवशी म्हणणारी ही स्त्री पुढे अनेक वर्षांनी म्हणाली की खरं तर आपण होतोच स्त्रीवादी, तेव्हा तो शब्द आपला वाटला नव्हता. बंदुकांच्या कायद्यासाठी ती वर्षानुवर्षं बोलत राहिली आणि २०२५ साली कॅनडाच्या संसदेवर निवडून आली. स्वतःच्या आयुष्याचं नाव तिला उशिरा सापडलं, पण सापडलं.

आमच्या त्या विद्यार्थिनीचं पुढे काय झालं, हे आम्हांला कळलं नाही. आता ती पन्नाशीची असेल. हे व्याख्यान तिच्यापर्यंत पोचेल अशी शक्यता नाही, आणि पोचलं तरी माफी मागण्याचा हा मार्ग नव्हे. पण तुमच्यापैकी जे शिकवतात, जे कॉलेजच्या कचेरीत बसतात, त्यांच्या टेबलावर याही वर्षी दाखल्याचे अर्ज येतील. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती अडचण’ लिहिलेलं असेल. सही करण्याआधी पेन बाजूला ठेवा, समोरची खुर्ची पुढे करा आणि विचारा, ‘बस जरा. काय झालंय?’

एवढं बोलून आम्ही थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.